प्रेमाचा रंग कोणता?

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात राजकवी तांब्यांच्या गीतांचा कार्यक्रम झाला, तो पुष्कळांच्या स्मरणात असेल. गाणी चांगली झाली. वाद झाला तो मागच्या पडद्यावरून. आपल्या तरुण मंडळींनी दोन रात्री जागून निळ्या पडद्यावर पुठ्ठ्याचे लाल बदाम आणि कागदी गुलाब चिकटवले होते. प्रेमगीतांचा कार्यक्रम, तेव्हा सजावट तशीच, असा त्यांचा सरळ हिशोब. रंगीत तालमीला आलेल्या एका ज्येष्ठ आजींनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, एवढं लाल कशाला? काढा ते."

"आजी, प्रेमाची गाणी आहेत ना? मग लालच हवं," गाणाऱ्या मुलींपैकी एक म्हणाली.

"तुम्हाला प्रेम दिसतं. मला लाल म्हटलं की बाबांच्या आत्याचं आलवण दिसतं."

आलवण म्हणजे काय, हे तिथल्या मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. आजींनी सांगितले नाही, आम्हीही त्या घाईत सांगितले नाही. बदाम तसेच राहिले आणि कार्यक्रम पार पडला. पण जाता जाता त्या मुलीने विचारले, "मग प्रेमाचा रंग कोणता?" आणि जमलेल्या आम्हां साठी-सत्तरीच्या मंडळींना एक धड उत्तर देता आले नाही. स्मरणिकेतल्या या लेखाचे निमित्त तेवढेच. वर्षभर जमेल तसे वाचले, एकमेकांशी वाद घातले, त्यातून हाती आले ते इथे मांडतो.

आधी त्या बदामाचेच पाहू. ती पश्चिमेकडून आलेली हृदयाची खूण आपल्याकडे पत्त्यांच्या जोडातून घरोघर गेली आणि मराठी माणसाला तिच्यात हृदय दिसलेच नाही. त्याला बदाम दिसला. बदामाची राणी, बदामाचा एक्का, बदाम सात. आपल्या जुन्या काव्यात हृदय जागोजागी आहे, ते जळते, फुटते, चोरीला जाते. पण त्याला आकार कुणी दिला नाही. प्रेमाची खूण म्हणून काढायचे झालेच तर मदनाचे धनुष्य होते. उसाचे धनुष्य, भुंग्यांची दोरी आणि पाच फुलांचे बाण: कमळ, अशोक, आंब्याचा मोहोर, नवमालिका आणि निळे कमळ. या पाचांत लालभडक म्हणावा असा एक अशोकच. मोहोर पिवळट, नवमालिका पांढरी, पाचवे निळे. मदनाचे वाहन पोपट, म्हणजे हिरवा. आपल्या पैठणीच्या काठावर जी मुनियांची रांग असते ती पोपटांचीच. ते पोपट मदनाच्याच घरचे, असे मानायला आम्हाला आवडते.

आता शास्त्राकडे वळलो तर आणखी चकित व्हायला होते. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला एक रंग आणि एक देवता दिली आहे. हास्याला पांढरा, करुणाला पारव्याचा राखी, वीराला गौर, अद्भुताला पिवळा. लाल दिला आहे तो रौद्राला, म्हणजे क्रोधाला. आणि शृंगाराला? श्याम. देवता विष्णू. पावसाने भरलेल्या ढगाचा, सावळ्या अंगाचा जो रंग, तो प्रेमाचा. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला भरतमुनींच्या नावाने एका शब्दात उत्तर देता आले असते. पण एका शब्दाने भागत नाही, कारण लोक शास्त्र पाहून प्रेम करीत नाहीत आणि चांगले कवी शास्त्र पाहून लिहीत नाहीत.

आपल्या भाषेच्या घरातले प्रेमकाव्य शोधायला गेले की सगळ्यात जुनी चीज हाती लागते ती गाथासप्तशती. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. तिथल्या सातवाहन वंशातल्या हाल राजाच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांचा संग्रह. म्हणायला सातशे गाथा. पण वेगवेगळ्या प्रतींतल्या सगळ्या मिळून हजाराच्या आसपास जातात आणि सर्व प्रतींत समान अशा साधारण ४३० भरतात. म्हणजे पुढची कित्येक शतके लोक त्यात भर घालत आणि काढत राहिले. वेबर या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात ती छापून प्रसिद्ध केली आणि स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली ती मराठीत भल्या थोरल्या प्रस्तावनेसह आणली. ज्यांच्या घरी जोगळेकरांची प्रत असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये, एवढी विनंती इथेच करून ठेवतो.

या गाथांत राजवाडे फारसे नाहीत. गावचा पाटील, त्याची सून, शेतकऱ्याची मुलगी, वाटसरू, गोदावरीचा काठ, विंध्याचा डोंगर, रेवा म्हणजे आपली नर्मदा. आणि प्रेमाच्या खुणा साऱ्या शेताशिवारातून उचललेल्या. एक गाथा अशी आहे. भाताचे शेत पिकून पांढरे पडत चालले आहे आणि एक मुलगी मान खाली घालून रडते आहे. तिची सखी तिला समजावते, अगं रडतेस कशाला, तिकडे बघ, तागाचे शेत तोंडाला हरताळ फासलेल्या नटीसारखे पिवळे झाले आहे. बस, गाथा संपली. यात प्रेम हा शब्द नाही, भेट हा शब्द नाही. पण ज्याने शेत पाहिले आहे त्याला कळते. भात कापला की लपायची जागा गेली. म्हणून पांढरा रंग विरहाचा. ताग माणसाहून उंच वाढतो आणि त्याला फुले येतात ती पिवळी. म्हणून पिवळा रंग पुढच्या भेटीचा. ही रंगांची भाषा कोणत्या ग्रंथाने ठरवून दिलेली नव्हती. पिकांच्या वेळापत्रकाने ठरवून दिली होती. नटी तोंडाला रंग लावून कशासाठी येते? खेळ सुरू व्हायचा असतो म्हणून. तेही त्या एका उपमेत बसवले आहे.

दुसरी एक गाथा कापसाच्या शेताची. पेरणीच्या पहिल्या दिवशी मुहूर्ताने नांगराला मंगलचिन्हे काढायची आहेत आणि ती काढताना एका बाईचे हात थरथरतात. इतरांना वाटावे, शुभकार्याची धास्ती. तिला मात्र चार महिन्यांनी उंच होणारी कपाशी आत्ताच दिसते आहे.

तिसरी गाथा तर फार मोठ्या सभेत जाऊन आली. कमळाच्या पानावर एक बगळी निश्चल बसली आहे, पाचूच्या स्वच्छ ताटात शंखाची शिंपली ठेवावी तशी. हिरव्यावर पांढरे, एवढेच चित्र. मम्मटाने अकराव्या शतकात काव्यप्रकाशात ही गाथा घेतली आणि विचारले, नायिका हे प्रियकराला का सांगते आहे? बगळी हलत नाही, म्हणजे तिला भीती नाही. भीती नाही, म्हणजे इकडे माणसाची वर्दळ नाही. म्हणजे ही जागा भेटायला बरी. किंवा उलट: तू इथे येऊन गेलास म्हणतोस ते खोटे, तू आला असतास तर बगळी उडाली नसती का? एकाच चित्रातून आमंत्रणही निघते आणि भांडणही. त्याआधी नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धान्त मांडला तेव्हाही उदाहरणाला गोदाकाठची गाथाच घेतली. फुले तोडायला रोज येऊन प्रेमिकांच्या एकांतात विघ्न आणणाऱ्या धार्मिक माणसाला नायिका गोड आवाजात सांगते, महाराज, खुशाल फिरा, तुम्हाला त्रास देणारा तो कुत्रा आता नाही. गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने तो आजच मारला! भारतभरच्या पंडितांनी सूचक लेखनाचा धडा घेतला तो आपल्या शेतातल्या या बायकांकडून, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. मराठीपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर जास्तच.

शेतातून आता रंगाऱ्याच्या भट्टीकडे येऊ, कारण रंग आणि प्रेम यांचे आपल्याकडचे नाते मुळात कापड रंगवण्यातून आलेले आहे. संस्कृतात 'राग' म्हणजे रंगही आणि प्रेमही. अनुराग, अनुरक्त, विरक्त, मनोरंजन, रंगणे, सारे एकाच धातूचे. ज्याच्यावर रंग चढला तो अनुरक्त आणि ज्याचा उतरला तो विरक्त. गंमत अशी की मराठीत राग शब्द आला तो रागावण्याच्या अर्थाने. भरताने लाल रंग रौद्राला दिला होता, तो हिशोब मराठीने असा पुरा केला असावा. शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांनी याला हसू नये, हा आमचा घरगुती तर्क आहे.

चौदाव्या शतकात ओडिशातल्या विश्वनाथाने साहित्यदर्पणात पूर्वरागाचे, म्हणजे भेटीआधी जडलेल्या प्रेमाचे, तीन प्रकार सांगितले. नीली, कुसुंभ आणि मंजिष्ठा. ही तिन्ही नावे रंगवण्याच्या वस्तूंची आहेत. कुसुंभ म्हणजे करडईचे फूल. त्याचा रंग असा झळकतो की नजर ठरत नाही, पण दोन धुण्यांत उतरतो, उन्हात विटतो. तसे प्रेम शोभते खूप, टिकत नाही. मंजिष्ठेच्या मुळीचा रंग तुरटीबरोबर कापडात बसला की शोभतोही आणि सुटतही नाही. आणि नीली? तिची गोष्ट भट्टीजवळ उभे राहिल्याशिवाय कळायची नाही. निळीच्या कुंडातून कापड बाहेर निघते तेव्हा ते निळे नसतेच. पिवळट हिरवे दिसते. हवा लागत जाते तसे बघता बघता निळे होते आणि मग जात नाही. विश्वनाथ म्हणतो, जे प्रेम वरून झळकत नाही पण मनातून कधी जात नाही ते नीलीराग, आणि उदाहरण देतो राम-सीतेचे. आपल्या आजी-आजोबांचा संसार आठवा. चारचौघांत एकमेकांचे नाव न घेणारी, उखाण्याशिवाय ते उच्चारायचे नाही म्हणणारी ती माणसे. त्यांच्या प्रेमाला याहून चांगले नाव आम्हाला सापडले नाही.

ही उपमा आज कळेनाशी झाली, यात मुलांचा दोष नाही. १८५६ साली पर्किनने इंग्लंडात डांबरापासून जांभळा रंग काढला, १८६९ साली मंजिष्ठेतल्या रंगाच्या जातीचा रंग कारखान्यात तयार झाला आणि १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत झाडापाल्याचा रंगारी बसला. करडई राहिली ती तेलापुरती. कुसुंबा म्हटले की आपल्या माळव्याच्या बाजूच्या जुन्या लोकांना फार तर अफूचे पाणी आठवते. 'कच्चा रंग' आणि 'पक्का रंग' एवढे दोन शब्द मागे उरले, तेही साडीच्या दुकानात.

मराठीतल्या पुढच्या प्रवासात श्याम रंग मात्र ठाण मांडून बसला. ज्ञानदेवांच्या विराण्यांतली विरहिणी सावळ्यासाठी झुरते. चांदणे, चाफा, चंदन या सगळ्या गार, उजळ वस्तू तिला नकोशा होतात. उजळ ते परके आणि काळे ते आपले, असा तिचा कौल. विठोबा सावळाच. पेशवाईच्या उत्तरार्धात लावणी बहरली, रामजोशी, प्रभाकर, सगनभाऊ, होनाजी बाळा यांनी ती गाजवली, तेव्हा शृंगार अगदी उघडा झाला. पण ज्या होनाजीच्या लावणीवर लोक जीव टाकत त्याचीच घनश्यामाला जागवणारी भूपाळी आजही आपल्या घरांत पहाटे लागते. लावणीतल्या खुणा म्हणजे शेला, चंद्रकळा, चाफा, राघू आणि विडा. यातल्या विड्याला विसरू नका. पान हिरवे, चुना पांढरा, कात तपकिरी, आणि तोंडात गेल्यावर लाल. मेंदीचेही तेच. हिरवा पाला वाटायचा आणि सकाळी हात लाल. जिची जास्त रंगली तिच्यावर नवऱ्याचे प्रेम जास्त, हे बोलणे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. म्हणजे लाल रंग आपल्याकडे नव्हता असे नाही. तो आयता आणून चिकटवलेला नव्हता, रंगून वर येणारा होता.

आणि चंद्रकळा! काळी साडी, तिला लाल काठ. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून सुना ती नेसत. आपल्या शेजारच्या हिंदी घरांतून तेव्हाही आश्चर्य वाटत असे आणि अजून वाटते, सणाला, तेही नव्या सुनेला, काळे? त्यांच्याकडे नवरीला लाल जोडा. आपल्याकडे नवरी बोहल्यावर येते ती पिवळ्या अष्टपुत्रीत, मग हिरवा शालू आणि हातात हिरवा चुडा. लाल ते कुंकू, कपाळापुरते. ग्वाल्हेरात पिढ्यान्‌पिढ्या राहून आपण पुष्कळ काही उचलले, पोहे-जिलबी एका बशीत खाऊ लागलो, घरात अर्धे वाक्य हिंदीत बोलू लागलो, आणि गेल्या काही वर्षांत आपल्या लग्नांतही लाल लेहंगे आले. त्याला आमची तक्रार नाही. फक्त हिरवा चुडा कशासाठी, हे विचारणारी सून आली की सांगता आले पाहिजे.

आता आलवणाविषयी, कारण ते टाळून हा लेख पुरा होणार नाही. आपल्या ब्राह्मण घरांतून नवरा गेलेल्या बाईचे केस काढत आणि तिला एक जाडेभरडे लालसर लुगडे देत. काठ नाही, पदर नाही, चोळी नाही. त्याचे नाव आलवण. कपाळावरचे लाल पुसायचे आणि अंगभर लाल गुंडाळायचे, असा तो न्याय. आठव्या-दहाव्या वर्षी विधवा झालेल्या मुली त्याच वस्त्रात म्हाताऱ्या होत. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' पत्र १८९० साली सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापली. यमू आणि रघुनाथराव यांचा संसार त्यांनी इतक्या मायेने रंगवला की पुढे यमूवर जबरदस्तीने वस्तरा चालतो ते पान आजही एका बैठकीत वाचवत नाही. मराठी कादंबरीतली नवरा-बायकोतल्या प्रेमाची पहिली मोठी गोष्ट जाऊन थांबते ती तिथे. त्या आजींना लाल बदाम का सोसले नाहीत, हे आम्हाला घरी आल्यावर कळले. त्यांच्या लहानपणी आलवणातली आत्या घरात होती. स्वयंपाक करायची, पोरांना गोष्टी सांगायची आणि हळदीकुंकवाच्या दिवशी माजघराचे दार लोटून आत बसायची.

इंग्रजी शिक्षणानंतरचे प्रेमकाव्य सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यातून भराभर जातो. फक्त एक गोष्ट आवर्जून सांगतो. या बदलात महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्यांचा वाटा मोठा होता. प्रेमाचे शाहीर गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, जन्मले गुजरातेत नवसारीला, १८८५ साली. गुलाब हे फूल मराठी प्रेमकवितेत जे पक्के रुजले त्यात त्यांच्या 'गुलाबी कोडे'चा हात आहे. फूल एकाच्या मनात फुलते आणि रंग दुसऱ्याच्या गालावर येतो, काटा एकाला रुततो आणि दुखते दुसऱ्याला. जुन्या अलंकारशास्त्रातली असंगती त्यांनी परक्या फुलावर बसवली. हो, परक्याच. गुलाब हा शब्दच फारसी, फूल आणि पाणी मिळून झालेला. तरुणांच्या कागदी गुलाबांना परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्यातल्या काहींनी एवढे ध्यानात घ्यावे.

माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, जन्मले बडोद्यात १८९४ साली. फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली फारसी-मराठी कोश, १९२९ साली उमर खय्यामच्या रुबाया, १९३३ साली 'गज्जलांजलि'. साकी, प्याला, बुलबुल, शमा ही सारी फारसी मंडळी त्यांच्या बोटाला धरून मराठी प्रेमकवितेत शिरली. तेव्हाही पुण्यात नाके मुरडली गेली. आचार्य अत्र्यांनी त्या काळच्या कवींची टर उडवणारे पुस्तक काढले त्याचे नाव ठेवले 'झेंडूची फुले'. कवींच्या नाजूक फुलांना उत्तर म्हणून टोपलीने मिळणारा झेंडू! आपल्या गणपतीच्या मखराला मात्र तोच लागतो.

आणि आपले तांबे. भास्कर रामचंद्र तांबे जन्मले मुंगावलीला, २७ ऑक्टोबर १८७३ रोजी, आणि वारले इथे ग्वाल्हेरात, ७ डिसेंबर १९४१ रोजी. मुंगावली आज ज्या अशोकनगर जिल्ह्यात आहे त्यातच चंदेरीही येते; झिरझिरीत, वाऱ्यावर हलणाऱ्या त्या साड्यांच्या मुलुखात हा कवी जन्मला याला काव्याच्या इतिहासात काही अर्थ नाही, पण आम्हाला तो योग गोड वाटतो. आयुष्य गेले मध्य भारतातल्या संस्थानांच्या नोकऱ्यांत. त्यांच्या प्रेमगीतांत लाल रंग शोधायला गेलात तर हाताला लागते ती संध्याकाळ. तिन्हीसांजेला हात हातात घेऊन दिलेले वचन. प्रेमिकांच्या मध्ये पसरलेली काळनागिणीसारखी नदी. गोदाकाठच्या गाथांतल्या बायकांनी ती लगेच ओळखली असती. सासरी निघालेली, पाऊल मागे घेणारी नववधू, आणि हळूहळू आपल्या लक्षात येते की हे सासर म्हणजे मरण. भरताने दिलेला श्याम रंग तांब्यांनी मुद्दाम घेतला, असे आम्ही म्हणणार नाही. पण विराणीतला सावळा, चंद्रकळेचा काळा आणि तांब्यांची तिन्हीसांज ओळीने मांडून पाहिली की मन एका ठिकाणी थबकते.

'मधु मागशी माझ्या सख्या परी' हे गाणे गेल्या वर्षी त्याच मुलीने म्हटले. तालमीत तिने विचारले होते, "काका, कोरांटी म्हणजे काय?" लताबाईंच्या आवाजात हजारदा ऐकलेले गाणे, आणि आम्ही "एक फूल असतं" म्हणून पुढे गेलो. खरे म्हणजे सारे गाणे त्या फुलावर उभे आहे. सखा मध मागतो आणि कवी म्हणतो, ते घट आता रिकामे झाले. उरली आहे नैवेद्याची दुधाची एक वाटी, आणि देवपूजेपुरती अंगणात कशीबशी जगवलेली कोरांटी. गुलाब, चाफा, मोगरा यांच्यापुढे कोरांटी म्हणजे काय? काटेरी झुडूप, कुंपणाला लावायचे. फुलाला गंधाचा तोरा नाही, केसांत कुणी माळत नाही. पण पाणी घालो न घालो, ती टिकते आणि सकाळी देवापुरती चार फुले देते. मधाच्या जागी दूध आणि मोगऱ्याच्या जागी कोरांटी ठेवून तांब्यांनी उतारवयातले प्रेम सांगितले. ज्याला कोरांटी ठाऊक नाही त्याला गाण्यातली चाल मिळते, म्हातारपण मिळत नाही.

शेवटी बेळगावच्या इंदिराबाई संतांचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. सीमेवर राहून मराठी लिहिणाऱ्या, म्हणून आपल्याला त्या जवळच्या. पती ना. मा. संत यांच्यासह 'सहवास' हा संग्रह १९४० साली निघाला आणि १९४६ साली ते गेले. त्यानंतरच्या त्यांच्या संग्रहांची नावेच वाचा. 'शेला', 'मेंदी', 'रंगबावरी', 'गर्भरेशीम'. गेलेल्या माणसावरच्या प्रेमाची ही कविता, आणि तिची नावे सारी वस्त्राची, रंगण्याची. ज्या समाजाने तशा बाईच्या हाती एके काळी आलवण दिले होते त्याच समाजातल्या एका बाईने शेला आणि मेंदी परत मागून घेतली, असे आम्हाला ती नावे वाचताना वाटते. 'गर्भरेशीम'ला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हे सगळे लिहून झाल्यावर आम्ही त्या आजींकडे गेलो आणि वाचून दाखवले. आलवणाच्या परिच्छेदाला त्या म्हणाल्या, "एवढंच लिहिलंत? बरं, राहू द्या." नंतर कपाट उघडून त्यांनी आईची चंद्रकळा दाखवली. घडीवर विरली आहे, काठ मात्र अजून लाल आहे. यंदाच्या कार्यक्रमाला मागे लावायला ती देऊ का, असे त्यांनी आपण होऊन विचारले. मुलांनी ती पाहिली आणि बदामांचे काय करायचे यावर त्यांची अजून चर्चा चालू आहे. दोन-चार बदाम काठाजवळ राहू द्यावेत, असे आजींचेच मत पडले.

तांब्यांच्या गीतांचा कार्यक्रम यंदाही आहे. कुणाच्या अंगणात कोरांटी असल्यास चार फांद्या मंडळात पोचत्या कराव्यात. गाणाऱ्या मुलीला फूल दाखवायचे आहे.